चाकाखालचा दगड

गणपती जायला आले की धरणाचं पाणी आमच्या जुन्या रस्त्यावर चढतं. वाईच्या वरच्या अंगाला आमचं गाव. गाव म्हणजे आताचं, टेकाडावर सरकलेलं. जुनं गाव पाण्याखाली आहे, पण त्याच्याकडे जाणारा डांबरी रस्ता अजून तसाच आहे. उन्हाळ्यात तो भेगाळलेला, गवत उगवलेला, उघडा पडतो. श्रावणात पाणी त्याच्या खालच्या टोकाला लागतं आणि भाद्रपदात हात हात वर सरकतं. तेव्हा तो रस्ता बघावा. दोन्ही बाजूंना तेरडा फुललेला असतो, पाऊस विरळ होऊन मध्येच लख्ख ऊन पडतं, आणि रस्ता उतरत उतरत पाण्यात शिरतो. तो संपत नाही. दिसेनासा होतो, इतकंच.

मी साताऱ्यात राहतो. कचेरी, घर, संध्याकाळी एक फेरी, असं माझं चाललेलं असतं. पण बाजारात घेवडा आला आणि बायकोनं कॅलेंडर काढून पितृपंधरवड्याच्या तिथ्या बघायला घेतल्या, की मला काही सुचत नाही. लोक या पंधरवड्यात गेलेल्यांना आठवतात. मला एक जिवंत माणूस आठवतो. त्याचं नाव म्हादू. सांगलीच्या खालच्या अंगाचा, कृष्णाकाठचा नावाडी. त्याचा उजवा हात माझ्यामुळे गेला, आणि तो त्याच्याच चुकीनं गेला असं आमचं गाव तेवीस वर्षं मानत आलं. मी त्यांना मानू दिलं.

लिहून टाकलं. आता बाकीचं सांगता येईल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. धरणात पहिल्यांदा पुरतं पाणी साठलं, त्या साली गावाला कळलं की आपली निम्मी शेतं पलीकडे राहिली, बाजाराची वाट पलीकडे राहिली, लेकींची सासरं पलीकडे राहिली. पायी जायचं तर वळसा घालून अर्धा दिवस मोडायचा. तेव्हा ठरलं, नाव आणायची. आमच्याकडची कृष्णा म्हणजे दगडादगडावरून उड्या मारत ओलांडायची नदी. नाव हे खालच्या मुलखातलं काम. सांगलीकडे शर्यतीच्या होड्या बांधणारा एक सुतार होता, त्याच्याकडून बारा हाती नाव बांधून घेतली. आणि नाव आहे तर ती चालवणारा हवा, म्हणून त्या सुताराच्याच ओळखीनं म्हादू ठरला.

माझे चुलते तात्या फौजेतून हवालदार होऊन परत आले होते. त्यांच्याकडे लिलावात घेतलेली एक जुनी जीप होती. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे, क्लच दाबता येत नसे, म्हणून ती चालवायचो मी. वय चोवीस, हाताला काम नाही, लायसन कोरं. नाव ट्रकमधून आणली तर उतरवायची कशी, यावर तात्यांनी तोड काढली. दुसऱ्या एका मोडक्या जीपचा आस आणि चाकं घेऊन त्यावर लोखंडी सांगाडा बसवून घेतला. झाला ट्रेलर.

"फौजेत आसंच आसतं," तात्या म्हणाले. "गाडी पीछे घ्यायची, ट्रेलर पाण्यात, नाव आपसूक तरंगती. पाच मिन्टाचं काम."

आणि मला विचारलं, "ट्रेलर लावून गाडी मागं घिऊन बघितलीस न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

बघितली नव्हती. तात्या सांगलीहून एस.टी.नं पुढे गेले आणि नाव, ट्रेलर, जीप आणि म्हादू माझ्या ताब्यात आले. हे पहिलं खोटं. ते इतकं लहान होतं की त्याला खोटं म्हणावं असं मला कितीतरी वर्षं वाटलंच नाही.

ते दोन दिवस मला फार स्पष्ट आठवतात. दुःखाच्या अलीकडचे दिवस असेच लख्ख राहतात, का कोण जाणे. नाव ट्रेलरवर चढवून दोरानं आवळली, आणि म्हादू चपला काढून तिच्यात जाऊन बसला.

"म्होरं या की, शीट हाय," मी म्हणालो.

"नवी नाव रिकामी न्हेत न्हाईत, भाऊ. तिच्यात माणूस लागतो."

"वाईपोत्तर बसणार?"

"बसंन की. वल्हवायचं तर न्हाई." आणि तो हसला. बत्तीस-तेहतीसचा असेल. खांदे असे की सदऱ्याची शिवण ताणलेली. शर्यतीच्या होडीत तो सगळ्यात पुढे बसायचा, त्याच्या वल्ह्याच्या ठेक्यावर बाकीचे वल्हवायचे.

आरशात बघितलं की मला आरसाभर म्हादू दिसायचा. दोन्ही हात काठावर ठेवून, उसाच्या हिरव्या फडांमधून, डांबरी रस्त्यावरून तो नाव चालवत होता. आष्ट्यात पोरं मागं धावली. एक ओरडलं, "ए नाववाल्या, पाणी कुठाय?"

"म्हागनं येतंय!" म्हादू ओरडला. "पळा तुमी फुडं!"

पोरं खरंच मागं बघायला लागली.

इस्लामपुरात मी चुकून एका बोळात शिरलो. समोरून दोन बैलगाड्या. मागं घ्यायला गेलो आणि तिथे मला कळलं, की चाक उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो, डावीकडे फिरवलं की उजवीकडे, आणि सरळ धरलं तर त्याला वाटेल तिकडे. तीनदा घेतली, तीनदा ट्रेलर घडी घातल्यासारखा जीपवर आला. कट्ट्यावर बसलेला एक म्हातारा बघत होता.

"डायवर," तो शेवटी म्हणाला, "म्हस कवा मागं सरकती का? सोड तिला. हातानं फिरीव."

ट्रेलर सोडला आणि माणसं लावून हातानं फिरवला. म्हादू नावेतून उतरला नाही. "ही माझी पैली फेरी, बोळातनं," म्हणाला, आणि गल्लीभर लोक हसले. मीही हसलो. पण वाटेत त्याला म्हणालो, "म्हादूअण्णा, तात्यास्नी नका सांगू."

"काय?"

"मला मागं घेता येत न्हाई त्ये."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "आपल्याला काय करायचंय," म्हणाला. "तुझं तू बघ."

त्यानं सांगितलं नाही. शब्द पाळणारा माणूस होता.

उंब्रजला चहाला थांबलो तेव्हा तो पहिल्यांदा स्वतःविषयी बोलला. त्यांच्याकडे नदीवर पूल झाला होता. पूल झाला की नावाडी संपला. आमच्या गावानं त्याला टेकाडावर दोन खोल्या द्यायचं कबूल केलं होतं, वर वर्षाचं धान्य. "दिवाळीला कारभारणीला आन् पोरीला घिऊन येतो. चार वर्सांची हाय, सुशी. तिनं डोंगूर बघितल्याला न्हाई." कपातल्या चहावर त्यानं बशी झाकली. मग म्हणाला, "लोकाच्या गावात जायाचं म्हंजे पैलं नाव चांगलं पडाय पायजे. एकदा पडलं की पडलं."

मी मान डोलावली. चहा गोड होता, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात होतं.

नाव अनंत चतुर्दशीलाच पाण्यात घालायची, असं ठरलं होतं. त्याला कारण होतं. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, आणि मग पंधरवडा. पंधरवड्यात कोण नवं काही करतं? नाव राहिली असती तर थेट घट बसेपर्यंत राहिली असती, आणि पाणी तर रोज चढत होतं. शिवाय लोकांच्या मनात एक हौस होती, की या साली गणपती नव्या नावेतून पाण्याच्या मध्यावर नेऊन सोडायचा. जुन्या गावाच्या वर. जिथं चावडी होती तिथं.

सकाळी दहाच्या सुमाराला सगळं गाव रस्त्यावर जमलं होतं. मी जीप मागं घ्यायला लागलो. तात्या खाली उभे राहून हात दाखवत होते. "सीधा! सीधा! आरं उलटं फिरीव!" ट्रेलर आडवा. पुढे घेतली, परत मागं. ट्रेलर तेरड्यात. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "आवं तात्या, ह्यो पुतन्या सरळ मागं येत न्हाई, सरळ फुडं तरी जातूय का बघा." मोठा हशा झाला. माझ्या कानशिलांना आग लागली होती. म्हादू नावेपाशी उभा होता. तो हसला नाही. उलट म्हणाला, "तात्या, रस्ता उताराचा हाय. ट्रेलर सोडा, दोर लावा. गाडी घाटातनं उतरवत्यात तशी उतरवू."

माझी लाज वाचवण्यासाठी तो तसं म्हणाला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं.

ट्रेलर सोडला. पुढच्या दांडीला जाड दोर बांधला, दहा जणांनी वरच्या बाजूला धरला. खालच्या बाजूनं दोन्ही चाकांना दोन दगड. ते दगड म्हादूनं स्वतः निवडून आणले, लाथ मारून बघितले, घट्ट बसवले. दगडांची जबाबदारी त्याची, असं सगळ्यांसमोर ठरलं. मग तो नावेच्या खालच्या टोकाशी, गुडघाभर पाण्यात, उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. नाव सरळ उतरावी म्हणून उजवा हात तिच्या काठावर ठेवला. त्याच्या पाठीशी जुना मैलाचा दगड होता, अर्धा पाण्यात.

पूजा झाली. हळदकुंकू, नारळ. आणि आईनं ताटातली दोन लिंबं माझ्या हातात दिली. "चाकाखाली ठिव बाबा. पैल्या फेरीला चिरडाय पायजेत."

आमच्याकडे नवी गाडी आली की हे करतातच. सायकलला करतात, ट्रॅक्टरला करतात. लिंबू ठेवायचं ते चाक ज्या दिशेला जाणार त्या बाजूला, चाकाला चिकटून. आणि त्या जागी दगड होता.

मी डाव्या चाकाशी बसलो. दगड ओढून काढला, बाजूला ठेवला. वर दहा माणसं दोर धरून होती, मला भीती वाटायचं काही कारण नव्हतं. लिंबू ठेवलं. एका क्षणाचं काम, दगड परत लावायचा आणि मग उजव्या चाकाकडे जायचं. त्याच वेळी गुरवानं आरती ओवाळून घंटा वाजवली, "गणपतीबाप्पा" अशी आरोळी घातली, आणि गावानं "मोरया" म्हणून हात जोडले. दोर धरणाऱ्या दहाही जणांनी हात जोडले. नमस्कार करायचा तर हात मोकळे नकोत?

डावं चाक लिंबावरून गेलं. उजव्या चाकाला दगड होता, म्हणून ट्रेलर त्याच्याभोवती फिरला आणि नावेचं खालचं टोक फाटक आपटावं तसं उजवीकडे, मैलाच्या दगडावर आलं. मग तोही दगड उडाला आणि ट्रेलर सगळ्या वजनानिशी पाण्यात गेला. नाव त्याच्यावरून सुटली, एकदा डुलली, आणि तरंगली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मला विसरता येत नाही. नाव इतकी सुंदर तरंगली, की सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. "मंगलमूर्ती मोरया" झालं. मग कुणीतरी मैलाच्या दगडाकडे बघितलं. म्हादू त्याला टेकून बसला होता, आणि त्याच्या भोवतीचं पाणी लाल होत होतं.

एकानं डोक्याचा पटका काढून हाताला गुंडाळला. मी जीप काढली. साताऱ्यापर्यंत तो शेजारी बसून होता, डोळे उघडे, ओठ दाताखाली. पाचवडच्या पुढे एकदाच बोलला. "पोरीला कळवू नगासा यवढ्यात." डॉक्टरांनी चार बोटं आणि तळव्याचा निम्मा भाग काढला. मी संध्याकाळी परत आलो तेव्हा गणपती बुडवून लोक वर येत होते. नव्या नावेतून, पाण्याच्या मध्यावर, ठरल्याप्रमाणे.

त्या संध्याकाळीच ठरून गेलं होतं. "दगूड ढिला लावला." "पाण्यातला माणूस, त्येला चाकाचं काय म्हाईत." "सोताच्या हातानं सोताचा हात घालवला बिचाऱ्यानं." बिचारा म्हणत होते सगळे. वाईट कुणीच बोलत नव्हतं. म्हणूनच त्यात काही दुरुस्त करायचं आहे असं दिसत नव्हतं.

पंधरा दिवस मी रोज डबा घेऊन साताऱ्याला जात होतो. सगळा पितृपंधरवडा. घरोघर खिरी शिजत होत्या, कौलांवर कावळे जमत होते, आणि मी एका माणसासाठी भाकरी-भाजी बांधून नेत होतो. तो डाव्या हातानं जेवायला शिकत होता. घास सांडायचा. मी दुसरीकडे बघायचो. तो पावसापाण्याचं बोलायचा, सुशीचं बोलायचा, मग बोलता बोलता थांबून माझ्याकडे बघत राहायचा. ते थांबणं कशासाठी असायचं हे मला ठाऊक होतं. मी उठून डबा धुवायला जायचो. रिकामा डबा कितीदा धुता येतो!

घट बसायच्या आदल्या दिवशी पंच बसले. तात्यांनी फौजेतल्यासारखं विचारलं, "दगड कुणाच्या ताब्यात हुते?"

"म्हादूच्या."

"मंग?"

बस्स. एवढीच चौकशी. दोन खोल्या दुसऱ्याला देणं आलं, कारण एका हाताच्या नावाड्याला कसा ठेवायचा? त्याला दोन पोती जोंधळा द्यायचं ठरलं. गाव म्हणून आपण हे करतो, असंही कुणी म्हणालं. मी दाराशी बसलो होतो. माझ्या हातात चहाचा पेला होता आणि तो मी दोन्ही हातांनी धरला होता. उभं राहून एक वाक्य म्हणायचं होतं: डावीकडचा दगड मी काढला. पाच शब्दही धड नाहीत. ते बोललो असतो तर दोष पुऱ्या गावात वाटला गेला असता, लिंबात, नमस्कारात, घंटेत. मग तो अपघात राहिला असता, आणि खोल्याही कदाचित राहिल्या असत्या.

का बोललो नाही? पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगितलं, की आईचं नाव आलं असतं. लिंबू तिनं दिलं होतं. लोक तिला बोलले असते. हे कारण मला फार उपयोगी पडलं. पण शेवटच्या दुखण्यात एका दुपारी आई अंथरुणावरून म्हणाली, "लिंबू मी दिलं हुतं तुला. माझं नाव घ्याचं हुतंस रं. मला कोन खानार हुतं?" मी तिच्या पायाशी बसलो होतो. म्हणजे तीही वाट बघत होती. इतकी वर्षं मी तिच्या पदराआड लपलो, आणि तिला ते दिसत होतं.

खरं कारण लहान आहे. त्या सकाळी लोक मला हसले होते. परत हसतील, याची भीती वाटली. चोवीस वर्षांच्या माणसाचं आणखी एकदा हसू होऊ नये, म्हणून दुसऱ्या माणसाचं घर गेलं. याहून मोठं कारण शोधायचा मी फार प्रयत्न केला. सापडलं नाही.

गेल्या साली आईच्या तिथीला गावी गेलो होतो. रस्त्यावर दोन पोरं ट्रॉलीचं चाक बदलत होती. विशी-बाविशीची असतील. एक जण दगड लावत होता. दुसरा ओरडला, "आरं म्हादूवानी लावू नगंस! नीट लाव!"

मी थांबलो. "म्हादू कोन रं?"

"कुनास ठावं, काका," तो म्हणाला. "आसंच म्हंत्यात. आसंल कोनतरी येडा पूर्वीचा."

मी तेव्हाही बोललो नाही. पाय उचलून घरी आलो, पानावर बसलो, कावळ्याला घास ठेवला. पण दुसऱ्या दिवशी साताऱ्याला न जाता सांगलीची एस.टी. धरली.

म्हादूचं घर शोधायला वेळ लागला नाही. सगळे ओळखत होते. शर्यतीच्या दिवसांत पोरांना वल्हवायला शिकवतो म्हणे, काठावर उभा राहून, ओरडून. ओसरीवर बसला होता, डाव्या हातानं दोर वळत, उजव्या पंज्याचं जे उरलं होतं त्यानं टोक दाबून धरत. केस पांढरे. खांदे तेच. मला बघून म्हणाला, "ये. दाराचं लाकूड लागंल, वाकून ये."

मी बसलो आणि सांगितलं. लिंबू, दगड, पंच, सगळं. तो दोर वळत राहिला. मी संपवल्यावर म्हणाला, "मला ठावं हाय की. मी समोरच हुतो."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू बोलशील म्हनून बसलो. पंधरा दीस डबा आनलास. रोज वाटायचं, आज बोलंल." दोराला एक पीळ दिला. "हात गेल्याचं मी कुनालाच लावलं न्हाई. तो देवाचा नमस्कार हुता, समद्यांनी केला. तूबी लिंबूच ठेवत हुतास. पर तू काढल्याला दगूड रस्त्यावर पडला हुता. समदी माझ्याकडं पळत आली, तवा तू त्यो पायानं पाण्यात ढकललास. त्ये बघितलं मी. हात गेला त्यो गेला. पर त्ये पायानं ढकलनं तुझं हाय."

हे मी वर लिहिलं नाही. खरं सगळं लिहायचं म्हणून बसलो, आणि तिथं आलो तेव्हा लेखणी पुढे सरकून गेली. ढकलला होता. चपलेच्या टोकानं. तो बुडाल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, एवढा गलका होता.

"तकडं सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"न्हाई."

"मंग हितं कशाला आलास? मला ठावंच हाय."

नंतर मी गावात सांगितलं. नवरात्रात देवळापुढे बसलेल्यांसमोर उभा राहिलो आणि पायानं ढकलल्यासकट सांगितलं. तात्या आता नाहीत. दोर धरणाऱ्यांतले दोघेच उरले आहेत. एक रडला. दुसरा म्हणाला, "जुन्या गोष्टी उकरून काय मिळतं?" बाकीच्यांनी ऐकून घेतलं. त्यांना म्हादू कोण हे आधी समजावून द्यावं लागलं. एवढं म्हणता येईल, की आता गावाला माझं नाव कळलं आहे. गावाबाहेर गेलेल्यांना कळावं म्हणून हे लिहिलं.

पण त्या दुपारी ओसरीवर हे काहीच घडलेलं नव्हतं. म्हादूनं दोर खाली ठेवला आणि आत हाक मारली. "सुशे, भाईर ये."

हात पुसत एक बाई बाहेर आली. माहेरपणाला आली होती. बापासारखे खांदे. मला ओळखायचं काही कारण नव्हतं, पाहुणा म्हणून तिनं पदर सारखा केला.

"ह्यो त्या गावचा. ह्यो काय म्हंतूय त्ये आईक," म्हादू म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हिला वाटतं, बापानं आपल्या हातानं हात घालवला. सांग हिला."

मी परत सांगितलं. पहिल्यांदा सांगताना शब्द धावत आले होते. आता एक एक ओढून काढावा लागत होता. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, बापाच्या हाताकडे तिनं एकदाही बघितलं नाही. मी संपवलं. आत तव्यावर भाकरी करपत होती, तिचा वास आला, तरी ती हलली नाही.

"तवा तुमचं वय काय हुतं?" तिनं विचारलं.

"चोवीस."

तिनं मनाशी हिशेब केल्यासारखं केलं. "आमचा धाकटा भाऊ बावीसचा हाय," ती म्हणाली. "त्येला समदं कळतं."

मी मान खाली घातली.

"म्हंजे तुमास्नीबी कळत हुतं."

"व्हय," मी म्हणालो. "कळत हुतं."